आउटबोर्ड मोटर थंड असताना बंद का पडते?

बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या आउटबोर्ड मोटरची दोरी ओढली की ती सुरू होते, अर्धा मिनिट चालते आणि बंद पडते. पुन्हा ओढा, पुन्हा तेच. कशीबशी पाच-दहा मिनिटं तगवली की मात्र दिवसभर तक्रार नाही. अशी लक्षणं दिसली की बरेच जण आधी ठिणगी पाडणारा प्लग बदलतात. मला हा उपाय घाईचा वाटतो. प्लगला वीज पुरवणारी कॉइल अधू झाली असेल, तर ती तापल्यावर सहसा जास्तच त्रास देते. इंजिन गरम झाल्यावर जो दोष नाहीसा होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इंधनाच्या पुरवठ्यात सापडतं.

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आणि पेट्रोल म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांच्या या मिश्रणातले काही घटक ३०-४० अंश सेल्सिअसला उकळतात, तर काहींना २०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. थंड इंजिनात हलक्या घटकांचीच वाफ होते. जड घटक थेंब होऊन इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटतात. नीट ज्वलनासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरने तेवढंच पेट्रोल सोडलं, तरी सिलिंडरपर्यंत वाफेच्या रूपात पोचतं ते त्याहून कमी. हवेतली वाफ आकारमानाने दीड टक्क्याच्या खाली गेली, की ठिणगी कितीही चांगली असो, मिश्रण पेट घेत नाही.

त्यात बाष्पीभवन स्वतःच उष्णता शोषून घेतं. सगळ्या पेट्रोलची वाफ झाली, तर मिश्रणाचं तापमान सुमारे २० अंशांनी उतरतं. दमट हवेत चालत्या इंजिनाचा कार्बोरेटर बाहेरून घामेजलेला दिसतो, तो यामुळेच.

चोक हवा अडवतो, त्यामुळे आतली ओढ वाढते आणि जास्त पेट्रोल खेचलं जातं. पेट्रोलच जास्त आलं की त्यातल्या हलक्या घटकांची वाफही पुरेशी होते. म्हणूनच कुठलाही पाना हातात घेण्याआधी चोकलाच विचारावं. मोटर मरायला लागली की तो क्षणभर ओढा. सावरली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरली आणि काळा धूर आला, तर आधीच जास्त येतंय; चोक अडकलाय का, कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई गळतेय का, ते बघा. काहीच फरक पडला नाही, तर मग प्लग आणि ठिणगी तपासायला हरकत नाही.

पेट्रोल कमी पडतंय हे कळल्यावर टाकीपासून मोटरकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा दाबून बघायचा. फुगा चपटा होऊन तसाच राहत असेल, तर टाकीच्या झाकणावरचं हवेचं छिद्र बंद आहे किंवा टाकीकडे काहीतरी अडकलंय. दाबत राहिल्यावर मोटर चालू राहते? मग इंधन पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, थकलाय किंवा नळीच्या जोडातून हवा शिरतेय. फुगा कडक असूनही मोटर बंद पडत असेल, तर कार्बोरेटर उघडावा लागेल.

तिथे संशयित बहुधा एकच असतो, स्लो जेट, म्हणजे मोटर हळू चालताना पेट्रोल सोडणारं बारीक तोंड. याचं छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. महिनोन् महिने पेट्रोल आत राहिलं की हलके घटक उडून जातात आणि मागे उरलेला चिकट राळेसारखा थर याच छिद्रात बसतो. छिद्र पूर्ण बुजत नाही, अरुंद होतं. गरम इंजिनाचं तेवढ्यावर भागतं, थंड इंजिनाचं भागत नाही. जेट उजेडासमोर धरलं तर छिद्र गोल दिसायला हवं. ते कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करावं, तार घालू नये. पितळ मऊ असतं आणि छिद्र कायमचं मोठं होतं. आयडलचा, म्हणजे मोटर रिकामी चालतानाचा वेग ठरवणारा, स्क्रू पिळून रेस वाढवणं ही तर निव्वळ मलमपट्टी. त्याने गिअर टाकताना दणका बसतो आणि क्लचचे दात झिजतात.

या सगळ्या चाचण्या मोटर पाण्यात ठेवून किंवा तिला नळाचं पाणी जोडून करायच्या. कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र बघता बघता जळतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणून जागा मोकळी हवी.

दहा मिनिटांनंतरही मोटर सावरत नसेल, तर थर्मोस्टॅटकडे वळावं. आउटबोर्ड सतत बाहेरचं थंड पाणी ओढत असते. इंजिन तापेपर्यंत, अनेक मोटरींत साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत, थर्मोस्टॅट ते पाणी रोखून धरतो. झडपेत वाळूचा कण किंवा मिठाचा थर अडकला की ती उघडीच राहते आणि हळू चालवताना इंजिन कधी तापतच नाही. थर्मोस्टॅट काढून उजेडासमोर धरा. तो थंड असताना झडपेतून फट दिसता कामा नये. मग थर्मामीटरसह पाण्यात टाकून पाणी तापवा आणि त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप उघडते का, ते बघा.