चोवीस टक्के की सव्वीस टक्के?

कुत्र्याच्या कोरड्या खाण्याच्या दोन पिशव्या आहेत असं धरू. एकीवर छापलंय : प्रोटीन किमान 24 टक्के, फॅट 10, फायबर 5. दुसरीवर प्रोटीन 26, फॅट 18, फायबर 3. ओलावा दोन्हींत 10 टक्के. बहुतेक जण सव्वीसवाली उचलतील.

पण लेबलवर कार्बोहायड्रेटचा आकडा बहुधा नसतो, तो वजाबाकीने काढावा लागतो. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करायची. राख म्हणजे खनिजं; आकडा दिलेला नसेल तर अंदाजे 8 धरा. पहिलीत 43 उरतात, दुसरीत 35. पेटफूडच्या हिशेबात एक ग्रॅम प्रोटीन किंवा कार्बला साडेतीन किलोकॅलरी धरतात, फॅटला साडेआठ. म्हणजे 100 ग्रॅममागे पहिलीत साधारण 320 किलोकॅलरी, दुसरीत 366. कुत्र्याची दिवसाची गरज कॅलरीत असते, त्यामुळे दुसऱ्या पिशवीतलं खाणं कमीच घालावं लागतं. 100 किलोकॅलरीमागे प्रोटीन मोजलं तर पहिलीत साडेसात ग्रॅम, दुसरीत सातच्या जरा वर. चोवीसवाली पुढे! लेबलवरचे आकडे किमान-कमाल असल्याने हा हिशेब ढोबळच, पण दर्शनी बाजूवरच्या रसरशीत तंगडीच्या फोटोपेक्षा कितीतरी भरवशाचा.

डब्यातल्या ओल्या खाण्याशी तुलना करताना तर आधी पाणी काढायलाच हवं. 78 टक्के ओलाव्याच्या डब्यातलं 9 टक्के प्रोटीन कोरड्या वजनावर 41 टक्के भरतं.

बरं, हे प्रोटीन मोजतात कसं? प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. तो नायट्रोजन मांसातून आला की आणखी कशातून, हे या चाचणीला कळत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत नेमका याचाच फायदा घेतला गेला. पेटफूडसाठी चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रोटीनमध्ये, मेलामाइन मिसळलेलं होतं. वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असलेलं हे रसायन प्लास्टिकच्या उद्योगात वापरतात. कागदावर प्रोटीन वाढलं आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली.

घटकांची यादीही जपून वाचावी. क्रम शिजवण्यापूर्वीच्या वजनाचा असतो आणि ताज्या चिकनमध्ये जवळपास 70 टक्के पाणी. त्यामुळे यादीत पहिलं आलेलं चिकन दाण्यात उतरेपर्यंत बरंच आटतं. मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन असे तुकडे वेगवेगळे लिहिले की मका यादीत खाली सरकतो, तो भाग वेगळाच.

मी सगळ्यात आधी बारीक अक्षरातली ओळ शोधते : हे खाणं पूर्ण आहार म्हणून, कोणत्या वयासाठी? अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेच्या मापात कोरड्या वजनावर वयाने मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के प्रोटीन लागतं, पिल्लाला 22.5. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमला 1.8 टक्क्यांची वरची मर्यादाही आहे, कारण लहान पिल्लांचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. तेव्हा पूर्ण आहाराच्या जोडीला कॅल्शियमचं सिरप द्यायचं असेल, तर आधी डॉक्टरांना लेबल दाखवा.