शॉट तयार करणारा फॉरवर्ड आणि तयार शॉट टाकणारा फॉरवर्ड

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा सीझन संपत आला आणि ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडलं की सगळीकडे एकच बोलणं, अमुक फॉरवर्ड (गार्डपेक्षा उंच, बऱ्याचदा रिंगजवळ खेळणारा) येतोय, मॅचला १५ पॉइंट्सची अ‍ॅव्हरेज आहे, झालं आपलं काम. अरे पण ते १५ आले कसे ते तर बघा ना. कारण १५ वाले फॉरवर्ड दोन प्रकारचे असतात, आकड्यात अगदी सारखे दिसतात आणि नव्या टीममध्ये गेले की दोघांचं पार वेगळं होतं.

एक जण शॉट स्वतः तयार करतो. म्हणजे बॉल हातात येतो तेव्हा समोर डिफेंडर नीट उभा असतो, तो त्याला ड्रिबलवर किंवा पाठीवर घेऊन हलवतो, जागा काढतो आणि मग टाकतो. दुसऱ्याला शॉट तयार मिळतो. गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा, आत घुसला, दोन डिफेंडर त्याच्याकडे ओढले गेले, हा कोपऱ्यात मोकळा, पास आला की टाकला. किंवा रिंगखाली आयता बॉल मिळाला आणि डंक.

आता इथे लोक ट्रू शूटिंग, म्हणजे घेतलेल्या शॉट्सच्या मानाने किती पॉइंट्स केले याची टक्केवारी, काढतात, काढावंच, पण ते एकटं फसवतं. हिशोब सोपा आहे, फील्ड शॉट्समध्ये (खेळ चालू असताना घेतलेले) फ्री थ्रो (फाउलनंतर कोणी न अडवता टाकायचे) गुणिले ०.४४ मिळवायचे, त्याची दुप्पट करायची आणि पॉइंट्सला तिने भागायचं. समजा एकाने १० शॉट आणि ४ फ्री थ्रो घेऊन १५ केले, तर जवळपास ६४ टक्के. दुसऱ्याने १४ शॉट आणि ३ फ्री थ्रो घेऊन १५ केले तर ४९. कागदावर पहिला कितीतरी भारी. पण पहिल्याचे सगळे शॉट एका चांगल्या पॉइंट गार्डने ताटात वाढलेले असतील, आणि दुसऱ्याकडे बॉल येतोय शॉट घ्यायला टीमला मिळणाऱ्या ३० सेकंदांमधले ६ उरल्यावर, बाकी सगळ्यांनी हात टेकल्यावर, तर मग तुलना कशी करणार? तो वाढणारा गार्ड काही सोबत ट्रान्सफर होत नाही.

तयार शॉट टाकणं कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट ज्या टीमकडे बॉल हातात ठेवणारे दोन गार्ड आधीच आहेत तिला असाच फॉरवर्ड हवा. प्रश्न फक्त तुम्ही काय विकत घेताय हे माहीत असण्याचा आहे.

जॉनी ब्रूम बघा. मोरहेड स्टेटला २०२१-२२ मध्ये १६.८ ची अ‍ॅव्हरेज, पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, डिफेंडरला पाठ लावून डाव्या हाताने टाकणारा, म्हणजे शॉट बऱ्यापैकी स्वतःचा. ऑबर्नला गेला आणि पहिल्या वर्षी १४.२. मला वाटतं एसईसीमध्ये, म्हणजे ऑबर्न खेळते त्या मोठ्या लीगमध्ये, रोज आपल्याएवढ्याच उंचीची आणि ताकदीची माणसं समोर आली की पाठीवरचा खेळ थोडा खाली येणारच. पण खाली येऊन थांबला नाही, पुढे १६.५, मग १८.६, आणि २०२५ चा एसईसी प्लेयर ऑफ द इयर. स्वतः तयार करणाऱ्याला असा वेळ द्यावा लागतो. त्याच्या थ्रीची, म्हणजे लांबून टाकायच्या तीन पॉइंट्सच्या शॉटची, मात्र लोकांनी फार आशा धरली, एका सीझनला ३५ टक्के गेले म्हणून, आणि पुढच्याच वर्षी ३० च्या खाली. फ्री थ्रो ६० च्या आसपासच होते. थ्रीचे शॉट थोडे असतात, ४० मध्ये १६ गेले तर ४० टक्के, त्यातले फक्त ४ कमी गेले असते तर ३०. म्हणून हातात टच, म्हणजे शॉटची सफाई, आहे का हे मी आधी फ्री थ्रोवर बघतो.

आणि मग डाल्टन नेक्ट, ज्याच्यामुळे मला हा सगळा फरक नीट कळला. आधी ज्युनियर कॉलेज, मग नॉर्दर्न कोलोरॅडोला २०.२ ची अ‍ॅव्हरेज, तीही बिग स्काय नावाच्या लीगमध्ये, त्यामुळे छोट्या लीगमधले पॉइंट्स म्हणून शंका घेणं साहजिक होतं. टेनेसीला २०२३-२४ मध्ये थेट २१.७, थ्री ३९.७ टक्के. कसं काय? त्याचा खेळ बघताना बॉल सोडून द्या, फक्त त्याचे पाय बघा. कोपऱ्यातून निघतो, स्क्रीनला, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याला, खांदा घासून वळतो, डिफेंडर अर्धं पाऊल मागे राहतो, पास येईपर्यंत पाय जागेवर लागलेले असतात आणि बॉल हातात थांबतच नाही. पास दुसऱ्याचा, पण मोकळीक याने धावून कमावलेली. त्यावर डिफेंडर अंगावर धावून आला की सरळ आत ड्राइव्ह. म्हणजे तो या दोन्ही खणांच्या मधला, आणि ड्रिबल केला तरच स्वतःचा शॉट हा माझा समज त्यानेच मोडला. असा खेळ मोठ्या लीगमध्येही टिकतो, कारण तो समोरचा डिफेंडर लहानखुरा असण्यावर अवलंबून नसतो.

म्हणून कोणाचंही मोजमाप करायचं तर हायलाइट्स नकोत, त्यात फक्त गेलेले शॉट असतात. मोठ्या टीमविरुद्धची पूर्ण मॅच लावा आणि प्रत्येक शॉटच्या दोन सेकंद आधी पॉज करा, डिफेंडर कुठे आहे आणि त्याला तिथून हलवलं कोणी ते बघा. नेक्टसाठी मी ३१ मार्च २०२४ ची पर्ड्यूविरुद्धची एलिट एट, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतली शेवटच्या आठ टीममधली मॅच, लावेन. टेनेसी ७२-६६ ने हरली, पर्ड्यूच्या झॅक ईडीने ४० केले, आणि त्या ६६ मधले ३७ एकट्या नेक्टचे होते.