थिंक टँक कोणाचा? खानदेशातली जुनी पार्श्वभूमी

कापूस, केळी, पीकविमा यांवर दिल्ली-पुण्याच्या थिंक टँकांचे, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे, अहवाल येतात, आपण आकडे वाचतो आणि लिहिणारी संस्था कोणत्या विचाराची हे विचारायचं राहून जातं. ते विचारायलाच हवं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं (१९३०) मूळ गोखल्यांच्या उदारमतवादी भारत सेवक समाजात आहे. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (१९८२) संघ-भाजपच्या परिवारातली. कल असण्यात गैर काहीच नाही, तो वाचणाऱ्याला ठाऊक असला की झालं.

आपल्या खानदेशाला हे नवं नाही. पुढे ब्रुकिंग्ज या नावाने गाजलेली अमेरिकन थिंक टँक वॉशिंग्टनमध्ये १९१६ साली निघाली. त्याच साली अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. पैसा गिरणीचा आणि कल शांकर अद्वैताचा, दोन्ही उघड. विद्वान तिथे राहून अभ्यास करत. तत्त्वज्ञानाच्या ओढीने तिथे आलेले साने गुरुजी १९२४ ला प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले.

नंतर डिसेंबर १९३६ चं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यातलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले होते. तिथेच किसान सभा या डाव्या वळणाच्या शेतकरी संघटनेचंही अधिवेशन भरलं, आणि त्यासाठी मनमाडहून शेकडो शेतकरी दोनशेहून अधिक मैल पायी आले, वाटेतल्या गावांना आपल्या मागण्या समजावत. सारा आणि खंड कमी करा, कर्जवसुली थांबवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. काँग्रेसचा शेतीविषयक कार्यक्रम काँग्रेसच्या याच फैजपूर अधिवेशनात मंजूर झाला. जमीनदारी मोडण्याचं मात्र त्यात नव्हतं. डाव्यांची मागणी कुठवर पोहोचली आणि कुठे अडली, ते या एका गोष्टीवरून कळतं. धोरणाचा असा जिवंत मसुदा मला दुसरीकडे सापडत नाही.

धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांच्यामागे ना गिरणी होती, ना सरकार. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात बुडवू नका, असं ते पक्षाला सांगत राहिले. शेवटी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून १९७८ ला त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले, आंबेडकर यांची एकत्र मांडणी केली. त्यांच्या नियतकालिकाचा कल मुखपृष्ठावरच वाचता येई. नाव होतं ‘सत्यशोधक मार्क्सवादी’.