हमझा चौधरी आणि दोन पासपोर्टांचा प्रश्न

२५ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये भारत-बांगलादेश फुटबॉल सामना ०-० असा सुटला आणि आपल्याकडे जुना प्रश्न नव्यानं निघाला: परदेशात वाढलेले आपल्या वंशाचे खेळाडू बांगलादेशला खेळवता येतात, मग भारताला का नाही? निमित्त होतं हमझा चौधरीचं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळलेल्या या बचावात्मक मिडफिल्डरचा बांगलादेशकडून तो पहिलाच सामना.

जन्म १९९७चा, इंग्लंडमधल्या लफबरोचा. आई मूळची बांगलादेशातल्या हबीगंजची. लेस्टर सिटी क्लबच्या अकादमीत घडला, २०१७च्या अखेरीस प्रीमियर लीगमध्ये उतरला. २०२१चा एफए कप लेस्टरनं पहिल्यांदाच जिंकला, त्या अंतिम सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून मैदानावर होता. पुढे वॉटफर्ड, शेफिल्ड युनायटेड या क्लबांकडे लोनवर, म्हणजे उसना, फिरती झाली.

अडचण होती ती २०१९च्या युरोपीय २१ वर्षांखालील स्पर्धेची. मैत्रीपूर्ण सामन्यांनी खेळाडू एखाद्या देशाला बांधला जात नाही, अधिकृत स्पर्धेनं मात्र जातो. तिथं तो इंग्लंडकडून खेळला होता, त्यामुळे देशाचा संघ बदलायला फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची परवानगी लागली. बांगलादेशी पासपोर्ट २०२४ मध्ये हाती आला, परवानगी त्याच डिसेंबरात. ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागलं नाही, कारण बांगलादेशचा कायदा दोन्ही ठेवू देतो. वाटही मळलेली होती. डेन्मार्कमध्ये जन्मलेला एक मिडफिल्डर २०१३ पासून बांगलादेशकडून खेळत होता, पुढे कर्णधारही झाला.

आपल्याकडे या विषयावर खापर फुटतं ते २००८च्या सरकारी धोरणावर: भारतीय पासपोर्ट असेल तरच देशाकडून खेळता येईल. त्याआधी टेनिसमध्ये अमेरिकी नागरिक भारताकडून डेव्हिस कप खेळले होते, म्हणून ते धोरण जाचक वाटणं साहजिक आहे. पण फुटबॉलपुरतं हे खापर चुकीच्या डोक्यावर आहे. धोरण उद्या मागे घेतलं, तरी ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे ते कार्ड असलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला, उतरवता येणार नाही. त्या कार्डावर व्हिसाशिवाय येता-राहता येतं, मतदान करता येत नाही. ते नागरिकत्वच नाही. आणि फुटबॉलच्या जागतिक नियमाला नागरिकत्वच लागतं. खरी गाठ राज्यघटनेच्या नवव्या कलमात आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्यात आहे: भारताच्या नागरिकत्वासोबत दुसऱ्या देशाचं ठेवता येत नाही. ती सोडवणं भारतीय फुटबॉल महासंघाच्या हातात नाही, हे दर पराभवानंतर ओसीआयचा धोशा लावणाऱ्यांनी एकदा तरी कबूल करावं.

म्हणजे उरतो एकच मार्ग: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडणं. पुणे एफसी या क्लबच्या प्रेक्षकांनी तो जवळून पाहिला आहे. गुजराती वडील आणि जपानी आई असलेल्या त्यांच्या मिडफिल्डरनं जपानी नागरिकत्व सोडलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून खेळला. तेव्हा त्यानं तिशी गाठली होती. सामने मोजकेच मिळाले.

१८ नोव्हेंबर २०२५ला ढाक्यात बांगलादेशनं भारताला १-० हरवलं. भारतावरचा त्यांचा हा २२ वर्षांतला पहिला विजय. भारताचा एक फटका रिकाम्या गोलकडे निघाला होता, तो हमझानं डोक्यानं बाहेर काढला. त्याच सामन्यासाठी भारतानं ऑस्ट्रेलियात जन्मलेला एक विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, बोलावला होता. आई मूळची मुंबईची, आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी ही देशांतर्गत फुटबॉल स्पर्धा खेळलेले. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व त्यानं सोडलं होतं, भारतीय पासपोर्टही मिळाला होता. पण संघबदलाची मंजुरी वेळेत आली नाही आणि त्याला संघाबाहेर बसावं लागलं.