वादळ येऊन गेलेल्या किनाऱ्यावर सुट्टीला जायचं असेल तर

नागपूरहून समुद्र बघायला जायचे आपले मोसम दोनच, एक उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि दुसरी दिवाळी. त्यात बरेच जण पुरी नाहीतर विशाखापट्टणम गाठतात कारण इथून ट्रेन सोयीची पडते. आणि नेमके हेच दोन मोसम बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे आहेत. ओडिशाचं ते भयंकर सुपर सायक्लोन 29 ऑक्टोबर 1999 ला आलं, हुदहुद 12 ऑक्टोबर 2014 ला विशाखापट्टणमवर आणि फनी 3 मे 2019 ला थेट पुरीवर.

हे असं का होतं ते समजून घ्या. चक्रीवादळाला समुद्राचं पाणी निदान 26.5 अंश गरम लागतं, तेही नुसतं वरवर नाही तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. आता एवढं गरम पाणी जुलै-ऑगस्टमध्येही असतं, पण तेव्हा मान्सूनचे खालचे वारे एका दिशेने आणि वरचे उलट्या दिशेने वाहतात, त्यामुळे वादळाचा उभा खांब तिरका होतो आणि त्याला मोठं होताच येत नाही. मान्सूनच्या आधी आणि नंतर ही अडचण नसते, म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे धोक्याचे महिने.

मग वादळ येऊन गेलेल्या किनाऱ्यावर जायचंच नाही का? जायचं, नक्की जायचं. तिथल्या लोकांना तेव्हाच पाहुण्यांची सगळ्यात जास्त गरज असते. फक्त फोन करून "हॉटेल चालू आहे ना" एवढंच विचारून बुकिंग करू नका, कारण हॉटेल, वीज, वाळू, विहिरी आणि झाडं यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगाने सावरते आणि हॉटेल त्यात बऱ्याचदा सगळ्यात आधी उभं राहतं. विजेचं म्हणाल तर फनीनंतर पुरीत कित्येक आठवडे हाल झाले, आणि 20 सप्टेंबर 2017 च्या मारिया हरिकेननंतर (तिकडे चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात) कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर अगदी शेवटच्या घरांत वीज यायला जवळपास 11 महिने लागले. त्यामुळे जनरेटर किती तास चालतो हे विचारायला लाजू नका.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वाळू, कारण तिच्याबद्दल कोणी सांगतच नाही. वादळाच्या लाटा उंच आणि एकामागोमाग एक येणाऱ्या असतात, आधीची लाट जिरायच्या आत दुसरी येते, वाळू पाण्याने गच्च भरलेली असते म्हणून सगळं पाणी जोरात मागे फिरतं आणि जाताना वाळू घेऊन जातं. ही वाळू फार लांब जात नाही, बरीचशी किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली लांबट ढिगासारखी साचते. नंतर समुद्र शांत झाला की लांब, संथ लाटा येतात, त्यांचं पाणी कोरड्या वाळूत मुरतं, परतीचा जोर कमी पडतो आणि लाटेसोबत आलेले कण वरच राहतात. अशी कणाकणाने वाळू परत येते, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. पण मे मध्ये वादळ आलं तर जूनपासून मान्सूनच्या लाटा सुरू होतात, वाळूला परत यायला उसंतच मिळत नाही, म्हणून अशा वेळी खरी भरपाई पावसाळा संपल्यावरच होते. मधल्या काळात किनाऱ्यावर काळपट पट्टे दिसले तर ते ऑइल समजून घाबरू नका, हलकी पांढरी वाळू वाहून गेली की इल्मेनाइटसारख्या जड खनिजांची काळी वाळू मागे उरते, ओडिशाच्या किनाऱ्यावर ती भरपूर आहे. खिळे, पत्र्याचे तुकडे आणि काचा मात्र खरंच असू शकतात, त्यामुळे चप्पल घालूनच फिरा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते निघण्याआधी बघून घ्या.

आता पाण्याखालच्या त्या ढिगाकडे परत येऊ, कारण जीव जातो तो इथे. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि ढिगात जिथे खिंड असेल तिथून ओढ्यासारखं बाहेर धावतं, याला रिप करंट म्हणतात. वादळानंतर या खिंडी नव्या जागी तयार झालेल्या असतात, त्यामुळे "आम्ही दरवर्षी इथेच उतरतो" याला काही अर्थ राहत नाही. ओळखायचं कसं, तर दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटताहेत आणि मधला एक पट्टा गडद, सपाट, शांत दिसतोय. आपल्यासारखे तलावात नाहीतर टाक्यात पोहायला शिकलेले लोक लेकरांना घेऊन नेमके त्या शांत पट्ट्यातच उतरतात! प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करत पोहू नका, तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगाने ओढू शकतो, तिथे चांगले पोहणारेही दमतात. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडा, पट्टा सहसा अरुंद असतो. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नका, आणि लाइफगार्ड आहे का हे बुकिंगच्या आधीच विचारा.

पिण्याच्या पाण्याचं गणित सोपं आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 70 लिटर गोड्या पाण्यात ते एक लिटर पडलं तरी लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार वाढले, आणि पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे इष्ट मर्यादाच तेवढी आहे. वादळात समुद्र गावात घुसला की विहिरी अशाच खाऱ्या होतात, आणि जास्त उपसा केला तर खालचं खारं पाणी आणखी वर येतं. म्हणून लॉजवर पाणी बोअरचं आहे की टँकरचं ते विचारा आणि बादल्याच्या बादल्या वाया घालवू नका, त्याच पाण्यावर गाव जगतंय.

झाडांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. फनीने पुरी-कोणार्क रस्त्यालगतची सुरूची बनं आडवी केली, 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मोडल्या, आणि सुपारीचं झाड नव्याने लावलं तर फळ धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. अशा ठिकाणी घरगुती राहायची सोय असेल तर तिथेच उतरा, ते भाडं सरळ त्या वाडीत जातं. किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसली तर तिच्यावरून चालू नका, वाळू धरून ठेवायचं काम तीच करते. आणि किनारे सावरतात हो, पुरीच्या गोल्डन बीचला फनीनंतर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर 2020 मध्ये, ब्लू फ्लॅग हा स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

शेवटी तारखांचं. जमत असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा, तेव्हा उपसागर सगळ्यात शांत असतो. सुट्टीच नसेल आणि दिवाळीतच जायचं असेल तर अडचण अशी की रेल्वेचं रिझर्व्हेशन 60 दिवस आधी खुलतं आणि वादळाचा अंदाज इतक्या आधी कोणीच देऊ शकत नाही. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत कुठे वादळ तयार होऊ शकतं याचा अंदाज काढतं, तो निघायच्या आधीचे दोन्ही गुरुवार बघा. रेल्वेने ट्रेनच रद्द केली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, हॉटेलचं तसं नसतं, म्हणून वादळामुळे आलो नाही तर ॲडव्हान्सचं काय हे बुकिंग करतानाच मेसेजवर लिहून घ्या.