लगाम कोणाच्या हाती? सायप्रसच्या लुझिन्यान राजांची पार्श्वभूमी

सायप्रसवर जवळजवळ तीनशे वर्षे राज्य करणाऱ्या लुझिन्यान घराण्याने हे बेट चक्क विकत घेतले होते, तेही दुसऱ्या खरेदीत. ११९१ साली तिसऱ्या क्रूसेडसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी, निघालेल्या इंग्लंडचा राजा रिचर्ड याची काही जहाजे वादळात सापडून लिमासोलच्या किनाऱ्याला लागली. त्याची बहीण आणि वाग्दत्त वधूही याच किनाऱ्यावर अडकल्या. बेटावर तेव्हा आयझॅक कोम्निनोस नावाचा स्वयंघोषित सम्राट होता. तो कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराला जुमानत नव्हता आणि संकटात सापडलेल्या या पाहुण्यांशीही नीट वागला नाही. रिचर्डने लिमासोललाच लग्न उरकले आणि काही आठवड्यांत सगळे बेट घेतले. लोखंडी बेड्या घालणार नाही हे वचन मोडू नये म्हणून आयझॅकला चांदीच्या बेड्या घातल्या, अशी कथा आहे.

रिचर्डला बेटापेक्षा पैशाची गरज होती. त्याने ते टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाला एक लाख बेझंट या सोन्याच्या नाण्यांना विकले. चाळीस हजार रोख, उरलेले पुढे. टेम्पलरांनी करवसुलीचा तगादा लावला तेव्हा ११९२ च्या ईस्टरला निकोसियात उठाव झाला. तो त्यांनी रक्त सांडून मोडला, पण बेट नको म्हणून हात झटकले. नवे गिऱ्हाईक होते गी द लुझिन्यान. पाच वर्षांपूर्वी हत्तीनच्या लढाईत सलाहुद्दीनकडून हरून जेरुसलेमचे राज्य गमावून बसलेला हाच तो राजा! सायप्रसचा मुकुट त्याला मिळालाच नाही. तो ११९७ मध्ये त्याचा भाऊ एमेरीच्या डोक्यावर चढला.

राज्य फ्रेंच वळणाचे, रयत ग्रीक. बेटावरचे ‘पारिकोस’ म्हणवणारे कुळ मालकाला पिकाचा तिसरा हिस्सा देई आणि वर आठवड्यातले दोन दिवस वेठीला राबे. १२६० च्या पोपच्या फर्मानाने ग्रीक बिशप चारच राहिले आणि तेही लॅटिन, म्हणजे रोमच्या पोपला मानणाऱ्या, चर्चच्या हाताखाली गेले. राजाही मोकळा नव्हता. सरदारांच्या वरिष्ठ दरबाराचा निवाडा झाल्याशिवाय त्याला कोणाची जहागीर काढून घेता येत नसे.

१२९१ मध्ये अक्का हे किनाऱ्यावरचे शहर पडले, पॅलेस्टाइनमधले क्रूसेडरांचे राज्य संपले, आणि सायप्रसचे भाग्य उघडले. निर्वासित व्यापारी फामागुस्तात आले, पूर्वेचा माल तिथे उतरू लागला, कोलोसी आणि कुक्लियाची साखर युरोपात जाऊ लागली. हातात नसलेल्या जेरुसलेमची पदवी मात्र राजे सोडेनात. सायप्रसचा मुकुट निकोसियाच्या सेंट सोफियात आणि जेरुसलेमचा फामागुस्ताच्या सेंट निकोलस कॅथेड्रलमध्ये, असे दोन राज्याभिषेक होत.

पहिल्या पीटरने ही पदवी फारच मनावर घेतली. युरोपभर फिरून त्याने सैन्य जमवले आणि १३६५ च्या ऑक्टोबरात अलेक्झांड्रिया लुटली. शहर काही दिवसांत सोडावे लागले, पण ज्यांच्याशी व्यापार करून बेट श्रीमंत झाले होते ते इजिप्तचे सत्ताधीश ममलुक कायमचे दुखावले. माझ्या मते घराण्याची उतरण इथूनच सुरू झाली. १३६९ मध्ये पीटरच्याच सरदारांनी त्याला शयनगृहात मारले.

त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या पीटरच्या, फामागुस्तातल्या राज्याभिषेकाला १३७२ मध्ये एक क्षुल्लक वाद पेटला. राजाच्या घोड्याचा उजवा लगाम धरण्याचा मान जेनोवावाल्यांचा की व्हेनिसवाल्यांचा? ही दोन्ही इटलीतली एकमेकांशी स्पर्धा करणारी व्यापारी नगरराज्ये. मेजवानीत हातघाई झाली, जेनोवाची माणसे मारली गेली, त्यांच्या वखारी लुटल्या गेल्या. पुढच्याच वर्षी जेनोवाचे आरमार आले. राज्याचे सर्वांत मोठे बंदर असलेले फामागुस्ता त्यांनी घेतले आणि ९० वर्षे सोडले नाही. राजाचा काका जेम्स ओलीस म्हणून जेनोवात राहिला. त्याला तिथेच मुलगा झाला, त्याचे नाव जॅनस.

हाच जॅनस पुढे राजा झाला आणि १४२६ मध्ये खिरोकिटियाच्या लढाईत ममलुकांच्या हाती सापडला. त्याची कैरोत धिंड निघाली, सुटकेसाठी दोन लाख डुकाट या सोन्याच्या नाण्यांची किंमत ठरली आणि वार्षिक खंडणी गळ्यात पडली. पुढे त्याचा अनौरस नातू दुसरा जेम्स कैरोच्याच फौजेच्या बळावर सावत्र बहीण शार्लोटला हटवून गादीवर बसला. फामागुस्ता परत मिळवण्याची कामगिरी मात्र त्याचीच, १४६४ ची.

त्याने व्हेनिसच्या कातेरिना कोर्नारोशी लग्न केले. १४७३ मध्ये तो वारला, मागून जन्मलेला मुलगा वर्षभरात गेला. विधवा राणी आणखी पंधरा वर्षे नावापुरती गादीवर होती, कारभार व्हेनिसचे अधिकारी पाहत. १४८९ मध्ये तिच्याकडून राज्य लिहून घेण्यात आले आणि बदल्यात तिला इटलीतले आसोलो हे छोटे गाव मिळाले. जॅनसच्या गळ्यात पडलेली खंडणी व्हेनिसलाही चुकली नाही. ती कैरोला जात राहिली; १५१७ मध्ये ऑटोमनांनी इजिप्त घेतल्यावर इस्तंबूलला जाऊ लागली. १५७१ मध्ये ऑटोमनांनी बेटच घेतले. लगामावरून भांडण जुंपले त्या सोहळ्याचे कॅथेड्रल आज फामागुस्तात लाला मुस्तफा पाशा मशीद म्हणून उभे आहे.