शिखराला शेपटी का फुटते?

गॅस क्रोमॅटोग्राफीच्या पाठ्यपुस्तकांत आधारद्रव्याची ओळख बहुधा एका वाक्यात आटोपते: 'स्थिर द्रव धरून ठेवणारी निष्क्रिय भुकटी.' यातला 'निष्क्रिय' हा शब्द चुकीचा आहे. त्यावर विसंबून भुकटी निवडली की कॉलम वाया जातो.

थोडी उजळणी करू. गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे वायूच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत. कॉलम म्हणजे बारीक दाण्यांनी भरलेली नळी. दाण्यांवर सहजी न उडणाऱ्या द्रवाचा पातळ थर असतो आणि दाण्यांमधून हेलियम किंवा नायट्रोजन वाहतो. मिश्रणातले जे घटक त्या द्रवात जास्त विरघळतात ते मागे रेंगाळतात, बाकीचे पुढे निघून जातात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकाचे आलेखावर एक शिखर उमटते. त्याची मागची कड लांबत गेली की शिखराला शेपटी फुटली म्हणतात. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी सेलाइट वापरले होते, म्हणजे डायटम या एकपेशी शैवालांचे सिलिकाचे सांगाडे. आज बहुतेक कामे केशनलिकांवर होतात, त्यांत दाणे नसतातच. पण भरलेले कॉलम जिथे टिकून आहेत, तिथे भुकटी अजूनही प्रामुख्याने डायटमचीच असते.

ही डायटमची माती नुसती भाजली तर लोहाच्या ऑक्साइडमुळे गुलाबी होते. ते क्रोमोसॉर्ब पी (क्रोमोसॉर्ब हे अशा भुकट्यांचे व्यापारी नाव). सोडियम कार्बोनेट घालून भाजली तर लोह रंगहीन सिलिकेटमध्ये अडकते आणि पांढरे क्रोमोसॉर्ब डब्ल्यू मिळते. पीचे पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे ४ चौरस मीटर, डब्ल्यूचे १, आणि जड, टणक अशा क्रोमोसॉर्ब जीचे ०.५. पी एकूण वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत द्रव धरते, डब्ल्यू १५ पर्यंत, जी ५ पर्यंत. पी कणखर आहे, पण पृष्ठभाग जास्त क्रियाशील असल्यामुळे मुख्यतः हायड्रोकार्बनांसाठी चांगले. डब्ल्यू त्या मानाने शांत, पण ठिसूळ.

आता खरा गाभा. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना सिलेनॉल म्हणतात. अल्कोहोल, अमाइन, आम्ल असे रेणू त्यांच्याशी हायड्रोजन बंध जुळवतात. द्रवाचा थर असताना रेणू तिथवर पोहोचतात कसे? गणित करून पाहा. डब्ल्यूवर १० टक्के द्रव म्हणजे ग्रॅमभर भुकटीवर ०.११ ग्रॅम. द्रवाची घनता १ धरली तर १ चौरस मीटरवर सरासरी ०.११ मायक्रोमीटरचा थर होतो. हा थर सारखा पसरतही नाही. केशाकर्षणाने द्रव अरुंद छिद्रांत गोळा होतो आणि उघडी जागा जवळजवळ कोरडी राहते. द्रवाचे प्रमाण ३ टक्क्यांवर आणले की परिस्थिती आणखी बिघडते.

शेपटी नेमकी मागच्याच बाजूला का येते, याचे कारण फार सुंदर आहे. घट्ट पकडणाऱ्या जागा मोजक्याच असतात. शिखराच्या मधल्या, दाट भागातले रेणू त्या जागा भरून टाकतात, त्यामुळे त्यांच्यातले बहुतेक रेणू न अडकता पुढे सरकतात. विरळ भागातल्या रेणूंना मात्र रिकाम्या जागा भरपूर मिळतात आणि ते अडकत राहतात. म्हणजे दाट भाग वेगाने धावतो आणि विरळ भाग हळू. दाट भाग पुढची कड गाठतो म्हणून ती उभी होते, मागची कड लांबत जाते. यातून एक चाचणी मिळते. नमुना निम्मा करून पुन्हा सोडा. शिखर आधीपेक्षा उशिरा आले, तर दोष अधिशोषणाचा, म्हणजे रेणू पृष्ठभागावर अडकण्याचा. सारख्याच उत्कलनबिंदूचे हायड्रोकार्बन आणि अल्कोहोल सोडूनही पाहावे. फक्त अल्कोहोलला शेपटी आली तर भुकटी दोषी. दोघांनाही आली तर जोडण्यांमधली रिकामी जागा किंवा नमुना सोडण्याच्या जागेचे कमी तापमान तपासावे.

हीच डायटमची माती 'शरीरातली विषे ओढून घेते' म्हणून पिण्यासाठी विकली जाते. कोरड्या, गरम वायूत सिलेनॉल रेणू पकडतात हे खरे, पण आतड्यात पाणीच पाणी असते आणि त्या जागा पाणीच आधी व्यापते. या दाव्याला प्रयोगशाळेतल्या गुणधर्माचा आधार देणे चूक आहे.

उपाय दोन टप्प्यांत होतो. आम्लाने धुतल्याने लोहासारखी धातूची अशुद्धी जाते, सिलेनॉल मात्र तसेच राहतात. ते झाकायला डायमिथाइलडायक्लोरोसिलेन हे रसायन लागते, या क्रियेला सिलेनीकरण म्हणतात. त्यातला एक क्लोरीन सिलेनॉलशी जोडून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो. दुसऱ्याला शेजारी सिलेनॉल सापडला नाही तर तो तसाच उरतो, आणि ओलावा लागताच तिथे नवा सिलेनॉल तयार होतो. म्हणून नंतर मिथेनॉलने धुणे अत्यावश्यक आहे. इथे एक किंमतही मोजावी लागते: पृष्ठभाग जलविरोधी होतो, अतिध्रुवीय द्रव त्यावर नीट पसरत नाहीत, थेंब धरतात. अमाइनसाठी सिलेनीकरणही अपुरे पडते. तिथे द्रवाबरोबर थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड चढवतात, मुक्त मेदाम्लांसाठी फॉस्फोरिक आम्ल. ही अदलाबदल चालत नाही, फॉस्फोरिक आम्लाच्या कॉलमवर अमाइन बाहेरच येत नाहीत.

टक्केवारीही फसवते. भरल्यावर डब्ल्यूची घनता मिलिलिटरमागे ०.२४ ग्रॅम, जीची ०.५८. त्यामुळे डब्ल्यूवर १० टक्के आणि जीवर साधारण साडेचार टक्के म्हणजे कॉलममध्ये द्रव जवळपास सारखाच. डब्ल्यूची कृती जीसाठी जशीच्या तशी उचलली तर शिखरे दुपटीहून उशिरा येतात.

२० ग्रॅम भरण तयार करायचे तर २ ग्रॅम द्रव पुरेशा द्रावकात विरघळवून त्यात १८ ग्रॅम भुकटी बुडेल असे पाहावे आणि द्रावक फिरत्या बाष्पित्रात सावकाश उडवावा. काचकांडीने ढवळू नये. दाणा फुटला की आतला न झाकलेला पृष्ठभाग उघडा पडतो, म्हणजे पुन्हा सिलेनॉल. शिवाय बारीक चुऱ्याने दाब वाढतो, म्हणून नंतर ८०/१०० मेशच्या चाळण्यांतून चाळून घ्यावे (दाणे सुमारे १७७ ते १४९ मायक्रोमीटरचे). भाजलेल्या मातीत क्रिस्टोबलाइट असते, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक. हे काम धूरकपाटातच करावे. भरताना एका टोकाला निर्वात पंप लावून हलके टिचकावे, ठोकू नये. दोन्ही टोकांना लावायची काचलोकरही सिलेनीकृतच हवी, नाहीतर शेपटी तिथून येते.

पाणी किंवा हायड्रोजन फ्लोराइड मोजायचे असेल तर सिलिका सोडून टेफ्लॉनचे दाणे घ्यावेत. त्यांवर सिलेनॉल नसतात, पण ते मऊ असतात, स्थितिक विजेने एकमेकांना चिकटतात आणि नळीत गुठळ्या करतात. १९ अंश सेल्सिअसखाली टेफ्लॉनची स्फटिकरचना बदलते आणि दाणे टणक होतात. म्हणून दाणे, नळी आणि नरसाळे आधी थंड करून घ्यावे आणि भरण गार असतानाच संपवावे.